मोजणारा अंगठा

आग्नेल सरांसमोर मान हलवायची मला भीती वाटायची. हसू नका. स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर इतकी वर्षं बसला असतात, तर तुम्हालाही वाटली असती. समोरचा माणूस ‘नाही, नाही’ म्हणून मान हलवू लागला की सरांच्या उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या पेरावर जायचा आणि मान हलेल तसा एकेक पेर चढत जायचा. तोंडाने सर बोलत असायचे, डाव्या हाताने चहा पीत असायचे, अंगठ्याचा कारभार मात्र वेगळा. मुख्याध्यापक मान हलवून रजा नाकारायचे तेव्हा सरांना रजेचं दुःख नसायचं, मोजणं चुकता कामा नये एवढंच. एकदा मी वैतागून विचारलं, “सर, जप करताय की काय?”

“जप खंयचो बाई,” ते म्हणाले, “उंदीर मोजतंय.”

आमची शाळा मालवणच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. मी मराठी शिकवायचे, सर विज्ञान. घरंही एकाच वाडीत. सर उंच, काटकुळे, शर्टाला इस्त्री अशी की कॉलरने बोट कापावं. डिसेंबरात स्वतः घोटलेला दोदोल, नारळ-गुळाचा तो काळा हलवा, डबाभर आणायचे आणि प्रत्येकाला वाढताना “गूळ कमी पडलो” म्हणायचे. कधीच कमी पडलेला नसायचा. रविवारी चर्चला जाणार आणि अमावस्येला वाडीच्या राईत जाऊन, गाव राखणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या धोंड्यापाशी मेणबत्तीही लावणार. “पाद्रीक सांगू नकात,” असं मला बजावायचे. पाद्रीला ठाऊक होतंच. वाडीत हिंदू असो की किरिस्तांव, राखणदाराला चुकवून कोणी राहत नाही.

उंदरांची गोष्ट अशी. तरुणपणी सर काही वर्षं दूर एका मेंदूच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. तिथे उंदराला भास आणणारं औषध टोचायचे. उंदराला काय दिसतं ते विचारायची सोय नाही, पण भास सुरू झाले की तो मान झटकतो, भिजलेलं कुत्रं अंग झटकतं तसा. काचेच्या पेटीवर डोकं वाकवून त्या झटक्यांची मोजणी करायची, हे सरांचं काम. मग दुसऱ्या उंदरांना आधी काही आठवडे उदासीनतेवरची गोळी चारायची, आणि त्यानंतर तेच भासाचं औषध, तेवढंच. या उंदरांच्या माना फारशा हलायच्याच नाहीत. औषध तेच, मेंदूतल्या पेशी मात्र पहिल्यासारखं उत्तर देत नव्हत्या.

सर हे नववीच्या वर्गाला शिकवायचे. पुस्तकात नव्हतं, तरी शिकवायचे. “पेशीला कान असतात,” फळ्यावर वाटोळी पेशी काढून तिला खरोखर कान काढायचे, गाढवाचे शोभतील एवढाले. “सेरोटोनिन नावाचा निरोप ऐकायचे कान. भासाचं औषध येतं आणि याच कानांत बोंब मारतं. पेशी गोंधळते, नसलेलं दिसायला लागतं. गोळी काय करते? खरा निरोप रोज भरपूर पुरवते. रोज एवढा गलका असला की पेशी म्हणते, पुरे बाबा, आणि आपले बरेचसे कान आत ओढून घेते. मग बोंब मारणारा आला तरी ऐकतो कोण?” नंतर खडू खाली ठेवून एक वाक्य ठरलेलं. “पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि सगळ्या गोळ्या सारख्या नव्हेत. लिहून घ्या.”

एका मुलीने एकदा हात वर केला. मी शेजारच्या वर्गात होते, मधे फळीचा पडदा, त्यामुळे सगळं ऐकू आलं. “सर, उंदराला कळायचं का, वरून कोणीतरी मोजतंय म्हणून?”

मी निबंध सांगायची थांबले. मग सर म्हणाले, “आमच्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता.” आणि तास संपायच्या आधीच वर्गाबाहेर पडले. मधल्या सुट्टीत मी त्यांना सोलकढी दिली तर पेला हातातच राहिला. पोरीने एवढं काय विचारलं होतं, मला तेव्हा समजलं नाही.

आता बाबल भावजींबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाबल माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. भातशेती, थोडे काजू, बायको नाही, एकुलता झील, म्हणजे मुलगा, ट्रॉलरवर. राखणदाराचा अवसार येण्याचा मान त्यांच्या घराकडे. वर्षातून एकदा सगळी वाडी राईत जमते, बाबल धोंड्यासमोर पेज पितात, बसतात, थोड्या वेळाने मान घुमू लागते आणि राखणदार त्यांच्या तोंडून बोलतो. बांध कोणाचा, विहीर कुठे खणायची, रुसलेल्या भावांनी कधी बोलायचं, सगळं तिथे ठरतं. वाडीला वाटे, पेज म्हणजे नुसती उकड्या तांदळाची पेज. आम्हा घरातल्या बायकांना माहीत होतं की तीत राईतलीच सुकवलेली अळंबी कुटून पडते. माझी सासू ती चुलीवरच्या फळीवर ठेवायची आणि त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. मीही काढला नव्हता.

बाबल भावजींचा झील दर्यात गेला, तो परत आला नाही. त्यानंतर भावजी पडवीच्या कठड्यावर बसले ते बसलेच. जेवण ठेवलं तर जेवायचे, नाही ठेवलं तर नाही. एके सकाळी होडीवाल्यांनी त्यांना खाडीतून ओढून काढलं. वाडी म्हणाली, पाय घसरला. सरांनी मात्र स्कूटर काढली, भावजींना मागे बसवलं, आपल्या पोटाभोवती त्यांचे हात धरायला लावले आणि थेट कुडाळला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा नेलं.

गोळ्या लागू पडल्या. हळूहळू पडल्या, पण पडल्या. भावजी काजूखालचं रान काढायला उतरले. एक दिवस माझ्या आमटीला “वयनी, तिरफळा घालूक इसारलास” म्हणून नाव ठेवलं, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. माणूस जेवणाला नावं ठेवायला लागला म्हणजे परत आला.

मग राखणदाराचा वर्षाचा दिवस उजाडला. राईत भर दुपारी जमायचं असतं. आम्ही बायका नेहमीप्रमाणे कुंपणाच्या दगडी गडग्यावर टेकलो. भावजी पेज प्यायले, बसले. सगळे वाट बघत राहिले. भावजींची मान हलेना. तात्या म्हणजे वाडीतले सगळ्यात वडील, त्यांनी दोनदा गाऱ्हाणं घातलं. काही नाही. भावजी डोळे मिटून, कपाळावर घाम, एखादा विद्यार्थी उत्तर आठवतो तसे बसून होते. शेवटी डोळे उघडून म्हणाले, “येणा नाय.” एवढंच.

लोकांच्या जिभेला काय हाड असतं? देव रुसला, घर बाटलं, डॉक्टरच्या औषधाने अंग विटाळलं, गजालींना ऊत आला. त्याहून वाईट म्हणजे भावजींनाही तसंच वाटू लागलं. आणि तात्यांनी ठरवलं, पुढच्या पुनवेला परत बसायचं. सासूने माझ्या देखत फळीवरचं सगळं गाठोडं खाली काढलं. “गेल्या खेपेक थोडी घातलंय, म्हणान इलो नाय,” ती म्हणाली. “आता सगळी घालतंय.”

मग मात्र मी गप्प बसले नाही. सासूच्या गुपिताची वर्षं एका बाजूला, आणि भावजी एका बाजूला. सरांकडे जाऊन सगळं सांगितलं. अळंबीचं नाव ऐकताच त्यांचा चेहरा बदलला. आश्चर्य नाही, ओळख पटल्यासारखा. “तरीच,” ते म्हणाले. “उंदरांका टोचूचा तसला औषध रानातल्या अळंबीतय आसता. गोळीन बाबलाचे कान आत ओढल्यान, आणि आमी म्हणतो देव रुसलो.”

आम्ही तसेच भावजींकडे गेलो. ते कठड्यावर बसले होते, पुन्हा तिथेच. विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं. “गोळी सोडलंय, सर. डोक्यात मधीच वीज चमाकता. पण सोडलंय.”

सर त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. “बाबल, गोळी अशी एकदम सोडतत नाय. आत गेलेले कान आता भायर येतले, आणि फुडे टोपभर पेज. काय दिसतला, कितक्या दिसतला, कोण सांगतलो? परत खाडीकडे चलत गेलस तर?”

“माझ्या आज्यात इलो,” भावजी शांतपणे म्हणाले. “बापाशीत इलो. झील तर ऱ्हवलो नाय. आता राखणदारय येणा नाय, तर मी कोण सर? माका बरा वाटी होता, खोटा कित्याक सांगू. पण घरात कोण नसताना दिवो लावून ठेवतत, तसा बरा.”

सरांनी पुष्कळ समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. भावजी मान हलवत राहिले, आणि मी पाहिलं, सरांचा अंगठा पेरांवर चढतच होता. वाटेत मी म्हटलं, तात्यांना अळंबीचं सांगून टाकूया. सर थबकले. “आणि काय सांगू? तुमचो राखणदार म्हणजे अळंबी? बाबल त्याच दिसा मरात.” खरं होतं ते. मला रडू यायला लागलं. एका माणसाला जगवायचं तर त्याचा देव घ्यायचा, आणि देव ठेवायचा तर माणूस जातो, असला हा पेच. मी सरांवरच चिडले. म्हटलं, एवढं शिकलात, सुचवा काहीतरी.

पुनवेच्या दुपारी सर माझ्यासोबतच राईकडे निघाले. इस्त्रीचा शर्ट, पाय अनवाणी, हातात मेणबत्ती. गडग्यापाशी आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, “बाई, बाबल खाता तीच गोळी मेना गेल्यापासून मी खातंय. इतकी वर्सां.”

मेना म्हणजे त्यांची बायको, फिलोमेना. मी इतकी वर्षं शेजारी बसले, त्यांच्या डब्यातलं खाल्लं, आणि मला हे माहीत नव्हतं.

“माझे कान केव्हाच आत गेले,” सर म्हणाले. “ती पेज बाबलाच्या जागी मी घेतंय. माका काय जावचा नाय. आणि किरिस्तांवाकडेय राखणदार इलो नाय म्हटल्यार बाबलाचो दोष ऱ्हवलो खंय? राखणदार यंदा कोणाकडेच येणा नाय, एवढाच लोक म्हणतले.” मग जरा हसले. “शाणपणाचा काम नाय ह्या. डॉक्टराक कळला तर माका उबो जाळीत.” मी अडवलं नाही. अडवायला हवं होतं की नव्हतं, अजून कळत नाही.

भावजींनी वाडगा उचलला होता. सरांनी पुढे होऊन तो त्यांच्या हातातून काढून घेतला, वर्गात मुलाच्या हातातला मोबाईल काढून घेत तसा. तात्या उठले. “सर, तुमी किरिस्तांव.”

“माझो पणजो ह्याच धोंड्यार नारळ ठेवी होतो,” सर म्हणाले. “राखणदारान तेका कधी नाव इचारूक नाय.” आणि कोणी काही बोलायच्या आत पेज पिऊन टाकली. मेणबत्ती लावली. बसले.

दुपारची राई मला कधीच आवडली नाही. माडांच्या बागेत वारा असतो, इथे पानसुद्धा हलत नाही, आणि पाखरं त्या वेळी कुठे जातात देव जाणे. मेणबत्तीची ज्योत सरळ उभी होती. सर ताठ, डोळे उघडे, चेहरा नेहमीचा. बराच वेळ गेला. लोक कुजबुजायला लागले. मला हायसं वाटलं. सरांचा हिशेब बरोबर निघाला होता, त्यांची मान तसूभरही हलत नव्हती.

मग माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. अंगठा पेरांवर चढत होता. करंगळी, अनामिका, मधलं बोट, तर्जनी, परत करंगळी. भराभर. समोर कोणीही मान हलवत नव्हतं. सगळी वाडी धोंड्यासारखी स्तब्ध बसली होती, आणि अंगठा थांबत नव्हता. सरांनी हळूच नजर वर केली. आभाळाकडे नाही. डोक्यावर हातभर अंतरावर काहीतरी असावं, तिथे. 

सर बोलले तेव्हा आवाज त्यांचाच होता. घुमला नाही, चढला नाही. भावजींकडे वळून, हजेरी घ्यावी तसे म्हणाले, “बाबल, खाडीत खिशातले धोंडे मी काढलंय. आता गोळी खा.”

भावजी दोन्ही हात जमिनीवर टेकून पुढे वाकले आणि हुंदके देऊ लागले. खिशात धोंडे होते हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं. होडीवाल्यांनी बाहेर काढलं तेव्हा खिसे रिकामे होते. धोंडे गेले कुठे, हे कोडं भावजी तेव्हापासून एकटेच उराशी घेऊन बसले होते. हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

वाडीपुरता प्रश्न तिथे मिटला. राखणदाराने गोळी खायला सांगितली, आता कोणाची माय व्याली आहे मोडायला? तात्यांनीच भावजींना कुडाळला नेऊन गोळी परत सुरू केली. आजही भावजी सकाळी राईत जाऊन गोळी धोंड्यावर ठेवतात, हात जोडतात आणि घोटभर पाण्याबरोबर गिळतात. अवसार काही येत नाही. बांधाची भांडणं वाडीला आपली आपणच सोडवावी लागतात, आणि ती फार वाईट सोडवली जातात.

सरांना मात्र त्या संध्याकाळी ताप भरला. बरे झाल्यावर मी पेज घेऊन गेले, साधी पेज, तसं सांगूनच हातात दिली. म्हटलं, “सर, आता मला तरी सांगा. नाटक होतं ना? भावजींनी तुम्हाला धोंड्यांचं सांगितलं असणार.”

“कसले धोंडे?” सर म्हणाले. मी सांगितलं तेव्हा त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं, असं त्यांच्या तोंडावरून दिसलं. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो. “मी बोलूक नाय, बाई. माका काय दिसलाय नाय.”

“मग मोजत काय होतात?”

त्यांनी आपला उजवा हात समोर धरला. “मी मोजूक नाय. कोण तरी माझ्या बोटांवर मोजी होतो. वरसून. मधी काच होती. तेका राग नाय होतो, माया नाय होती. आपला काम करी होतो.” मग शिक्षक जागा झाला. म्हणाले, कदाचित सगळे कान आत जात नसतील, कदाचित पेज फारच दाट होती, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. बोलता बोलता थांबले. “ह्याका रकाना नाय, बाई,” म्हणाले, आणि पेजेचं भांडं बाजूला सारलं.

त्यानंतर सर समोरच्याची मान मोजेनासे झाले. स्टाफरूममध्ये उजवा हात खिशात असायचा. वर्गात काचेच्या खिडकीपाशी उभे राहायचे नाहीत. मधेच, बोलता बोलता, नजर डोक्यावर हातभर वर जायची. निवृत्त झाल्यावर त्यांची मुलगी म्हापशाहून न्यायला आली. घर बंद करताना त्यांनी उरलेला दोदोल मला दिला. गूळ कमी पडला होता, त्या एकाच वेळी.

मालवण स्टँडवर मी आणि बाबल भावजी सोडायला गेलो. सर खिडकीशी बसले, पण आमच्याकडे पाठ करून, कारण मुलगी पलीकडे बसून पिशव्या लावत होती आणि सर तिला काहीतरी सांगत होते. भावजींनी खिडकीखालून ओरडून सांगितलं, “सर, काळजी करू नकात. मी गोळी चुकवूचंय नाय. नाय, नाय.” आणि हसत, जोरजोराने मान हलवली. भावजी हसताना किती तरुण दिसतात, हे मी विसरूनच गेले होते.

मी शेवटची पिशवी द्यायला बसच्या पायरीवर चढले होते, तिथून सरांचा उजवा हात दिसत होता, मांडीवर. सर वळले नाहीत, त्यांना भावजी दिसणं शक्यच नव्हतं. अंगठा करंगळीच्या पेरावर गेला आणि भावजींच्या मानेबरोबर एकेक पेर चढू लागला. सरांनी डावा हात त्यावर ठेवला, रडणाऱ्या पोराचा हात धरावा तसा, आणि बस सुटेपर्यंत तो तसाच दाबून धरला.